आजी वाघ की वाघमारे

आमच्या घरात एक भांडण चोपन्न वर्षं चाललं. ते माझ्या आजीच्या माहेरच्या आडनावावरून होतं. मी म्हणायचो, आजी वाघांची लेक. बायको म्हणायची, वाघमाऱ्यांची. बायको स्वतः वाघमाऱ्यांची. त्यामुळं आजीला पण तिला आपल्यात ओढायचं आहे, असं माझं मत होतं.

"तुमी वाघ मारणारे, आमी वाघ," मी म्हणायचो. "घरात आलीस तीच वैरी म्हणून."

"आन् घरात कोण कुणाला भिऊन हाय ते गावाला ठावं हाय," ती म्हणायची.

भांडण रागाचं नव्हतं. दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली, की ती सुपारी घेऊन बसायची आणि मी काहीतरी खोड काढायचो. शुगर फॅक्टरीतून रिटायर झालो तसं तर ते रोजचंच झालं. शेजारची बाई म्हणायची, तुमच्या घरात रेडिओ लागत नाही ते बरं आहे, गरजच नाही.

गेल्या साली पावसाळा सरताना ती वारली. आजाराचं मी लिहीत बसत नाही, ज्याच्या घरात झालं त्याला माहीत असतं. लोक म्हणतात सकाळी जड जातं, रात्री जड जातं. मला दुपार जड जाते. जेवण होतं, ताट धुऊन होतं, आणि मग भांडायला कोणी नाही.

दवाखान्यात शुद्धीवर होती तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता काही रडारड होणार. तर म्हणाली, "मला चर्चच्या कबरस्थानात आजीच्या शेजारी ठेवा. माझ्या दगडावर माहेरचं आडनाव घाला. आन् आजीच्या दगडावर पण घाला. तिच्या दगडावर निस्तं तुमच्या आजोबाचं नाव हाय. ती काय आभाळातून पडली हुती?"

"घालतो. काय घालू?"

"वाघमारे."

"वाघ," मी म्हणालो. सवय हो.

ती हसली. नाकात नळी होती तरी हसली. "शोधा मग. खरं निघंल ते घाला. पर खोटं घालू नका, म्या शेजारीच हाय."

तर हे काम माझ्या गळ्यात पडलं. वर्ष भरायच्या आत दोन्ही दगड बसवायचे होते. पाथरवटानं तिचा दगड तयार केला. आजीचा जुना दगड शेजारी खोदकाम झाल्यामुळं एका अंगाला कलला होता, तोही त्यानं काढून घेतला. म्हणाला, "बाबा, बसवायच्या आधी आडनाव सांगा. एकदा बसला की मी पुन्यांदा उचलणार न्हाई. दगडावरचं खोडायला रबर नसतं."

आता ती एवढी का अडून बसली होती ते सांगतो. ती लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची. तिची आई लहानपणीच गेलेली. आमच्या घरात माझी आई कडक, बहिणी तोंडाळ, मी फॅक्टरीत. आजीला तेव्हा नीट दिसत नव्हतं. एक दिवस आजीनं तिला पुढ्यात बसवून वेणी घातली आणि हळूच म्हणाली, "तू माझ्या माहेराची हायेस." एवढंच. त्या एका वाक्यावर ही पोरगी आमच्यात रुजली. म्हणायची, या घरात मी परकी नाही, माझ्या रक्ताची एक बाई इथं आधीच आहे. मी म्हणायचो, म्हातारी लाडानं बोलली, सगळ्या सुनांना असंच म्हणत असेल. पण दुसऱ्या कुठल्या सुनेला म्हणताना मी ऐकलं नव्हतं, हेही खरं आहे.

म्हणजे आता आडनाव वाघ निघालं, तर ते वाक्य नुसतं लाडाचं. वाघमारे निघालं, तर ते खरं.

माझं शिक्षण चौथी. पण मी पस्तीस वर्षं फॅक्टरीच्या वजनकाट्यावर होतो. उसाची भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन करायचं, मग रिकामी घ्यायची. मधला फरक तो ऊस. गाडीवान लबाड. बायको-पोरांसकट गाडी काट्यावर चढवायचे, वर पाण्यानं भरलेलं पिंप. मी आधी सगळ्यांना खाली उतरवायचो. पुराव्याचं पण तेच. कोण फुकट वर बसलंय ते आधी बघायचं.

माझा पहिला पुरावा घरातच होता. आजीच्या लग्नातला तांब्याचा हंडा. त्याच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी नाव घातलेलं आहे, जुन्या काळी ठोकून घालायचे तसं. आजीचं नाव, पुढं "हिस", म्हणजे हिला, आणि पुढं देणाऱ्याचं नाव, "मा. वाघ". हंडा राखेनं आणि चिंचेनं घासून घासून टिंबं पार गुळगुळीत झालीत, पण एवढं वाचता येतं. आम्ही सगळे समजायचो, "मा." हे आजीच्या बापाच्या नावाचं पहिलं अक्षर. बापानं लेकीला हंडा दिला, बाप वाघ. दर भांडणात मी हा हंडा पुढं करायचो. बायको म्हणायची, "तांब्याला काय कळतं?"

दुसरा पुरावा माझी आत्या. आजीच्या लेकरांतली ती एकटी राहिली आहे. नव्वदीच्या पुढं गेली, शेवगावला मुलाकडं असते, डाव्या कानानं ऐकते. मी पेढे घेऊन एसटीनं गेलो. डाव्या कानाशी बसलो.

"आत्या, आजीचं माहेर कुठलं?"

"कुणाच्या आजीचं?"

"माझ्या. म्हंजी तुझ्या आईचं."

"मग आईचं म्हण की! आजी आजी काय लावलंय? मेल्या, म्या पाह्यलं तवा तरणी हुती ती."

"बरं, आईचं. तिच्या माहेरचं आडनाव काय?"

"वाघ. मिरजगावच्या अलीकडं वाघाची वस्ती. आमी मामाच्या घरी जायचो. दोन दिस बैलगाडीत. माझा एक भाऊ गाडीतून पडला हुता, मागं कुणी पाह्यलंच न्हाई, पाक पुढच्या गावात गेल्यावर कळलं."

"आडनाव नक्की?"

"आता मामा वाघ, तर आई वाघच की. का तुझं डोकं फिरलंय?"

मला एवढा आनंद झाला की तिच्यासाठी आणलेला पेढा मीच खाल्ला. ती बघत होती. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "लई म्हातारा हुता पर मामा. तोंडात दात न्हवता. आमच्यासाठी हुरडा भाजायचा, पर त्याला खाता येत न्हवता."

मी म्हटलं, पूर्वी माणसं लवकर म्हातारी व्हायची. आणि उठलो. काट्यावर कोण बसलंय ते मला तिथंच दिसायला हवं होतं. तिला सात-आठ वर्षं म्हणजे आईला पंचवीस-तीस. मग आईचा भाऊ बोळका कसा? पण जिंकणाऱ्याला हिशोब सुचत नाही.

घरी आलो. दुपारी सवयीनं म्हणालो, "बघ, आत्यानं पण सांगितलं." जिंकून काय मजा आली नाही. ती असती तर म्हणाली असती, आत्याला काल काय जेवली ते आठवत नाही. ते ऐकायला मिळालं असतं तर मी सगळे पेढे तिला दिले असते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण हरलो तर बरं होईल. पण खोटं हरून चालणार नव्हतं. तिनं बजावलं होतं.

उरलं होतं मंडळीचं जुनं रजिस्टर. आजी-आजोबांचं लग्न आमच्याच चर्चमध्ये लागलं होतं. आमच्या आताच्या पाळकबाई तरुण आहेत, राजूरकडच्या. डोंगरातली मुलगी आहे, सरळ बोलते. मी रविवारी उपासना झाल्यावर थांबलो.

"सलाम, पाळकबाई. जुनं लग्नाचं रजिस्टर बघायचं."

"सलाम, काका. कोणाचं लग्न?"

"आजीचं."

"मग जरा उशीर झालाय," त्या म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली शोधायला लागल्या.

रजिस्टर कापडात बांधलेलं होतं. उघडलं तर शिंकाच शिंका. अर्ध्या तासानं पान सापडलं. आजोबांचं नाव स्वच्छ. आजीचं पहिलं नाव स्वच्छ. त्याच्यापुढं "वाघ", आणि त्याच्यापुढं भोक. कसरीनं खाल्लेलं. करंगळीच्या नखाएवढं भोक, नेमकं तिथंच. एवढं मोठं रजिस्टर, त्या किड्याला दुसरी जागा नव्हती!

"वाघ," मी म्हणालो. पण माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"काका, भोकाच्या जागी काहीतरी होतं. दोन अक्षरं सहज मावतील."

"किंवा काहीच नसंल. रिकामा कागद पण कसर खाते."

"खाते," त्या म्हणाल्या. बाई प्रामाणिक. मग त्यांनी पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हे बघा, इथं परत वाघ आहे. स्वच्छ."

तिथं लिहिलं होतं, पाळक, आणि पुढं कुणाचं तरी नाव आणि वाघ. मी म्हटलं, "हे तर लग्न लावणारे पाळक. त्यांचं आडनाव वाघ. त्यांचा काय संबंध?" आमच्या मंडळीत पाळक म्हटलं की पाळकसाहेब, दुसरं काही डोक्यात येतच नाही.

पाळकबाई रजिस्टरावर वाकल्या. पानाच्या तळाशी गेल्या. मग आधीचं पान, मग पुढचं पान. मला वाटलं बाईला पण चष्मा लागला. एकदम हसल्या.

"काका, लग्न लावणाऱ्या पाळकांची सही इथं खाली आहे. आडनाव दुसरंच आहे. आणि बाकीच्या सगळ्या नोंदींत या रकान्यात 'बाप' लिहिलंय. एवढ्या एकाच नोंदीत बाप नाही. हा 'ळ' नाही हो. लिहिणाऱ्यानं 'ल'ला शेपूट काढलंय. हे 'पालक' आहे."

मी चष्मा पुसला. परत बघितलं. पालक.

"म्हणजे आजीला बाप नव्हता?"

"लग्नाच्या वेळी नव्हता. दुसऱ्या कुणीतरी सांभाळलं तिला. त्या माणसाचं आडनाव वाघ."

"मग तो चुलता असंल. चुलता वाघ तर बाप पण वाघ."

"असेल," त्या म्हणाल्या. "किंवा मामा असेल. मामा असला तर मात्र बाप वाघ नसणार. एका आडनावात आपल्यात सोयरीक होत नाही."

मामा म्हटल्याबरोबर मला आत्याचा बोळका मामा दिसला. मी सलाम पण न करता निघालो. पाळकबाई मागून ओरडल्या, काका, टोपी! टोपी राहू दिली.

घरी येऊन हंडा अंगणात उन्हात आणला. डब्यातलं ज्वारीचं पीठ घेतलं आणि गळ्यावरून बोटानं चोळलं. टिंबांत पीठ भरलं, वरचं पुसून काढलं. पांढरी अक्षरं उठली. आजीचं नाव. हिस. मा. आणि "मा"च्या पुढं, जिथं आम्ही सगळे ठिपका समजत होतो, तिथं आणखी एक अक्षर होतं. घासून गेलेलं, पण होतं. मा.

मामा वाघ.

मी अंगणात बसूनच राहिलो. शेजारची बाई भिंतीवरून म्हणाली, "काय हो, हंड्याला पावडर लावताय?" मी म्हटलं, "लग्न हाय त्याचं."

तर असं. हंडा बापानं नाही, मामानं दिला. आईबाप नसलेली पोर मामानं वाढवली आणि मामाच्या घरून लग्न करून दिलं. आत्याची आई त्याला मामा म्हणायची, म्हणून पोरं पण मामाच म्हणायची. आपल्याकडं पोरं आई जे म्हणेल तेच म्हणतात. माझे दोन्ही पुरावे एका झटक्यात काट्यावरून खाली उतरले. वाघ आजीचा मामा. बाप वाघ नाही. पण रजिस्टरात आडनावाची सुरुवात वाघ, पुढं दोनेक अक्षरं किड्याच्या पोटात.

पाळकबाईंना फोन करून सांगितलं. त्यांना आनंद झाला, पण म्हणाल्या, "काका, वाघमारेच कशावरून? वाघचौरे असतात, वाघमोडे असतात." मी मनात म्हटलं, ही पोरगी काट्यावर पाहिजे होती.

शेवटी मेहुण्याकडं गेलो. बायकोचा धाकटा भाऊ, त्याच गावात, त्याच घरात राहतो. आमच्या गावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट, आता मोटारसायकलनं पाऊण तास. त्याला सगळं सांगितलं. पालक, मामा, भोक, सगळं, मिरजगावचं नाव तेवढं माझ्या तोंडून निघालं नव्हतं. त्यानं तंबाखू मळता मळता ऐकलं.

"दाजी, ती पोर मिरजगावकडं गेल्ती का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आमची आजी सांगायची. पणजोबाच्या भावाला एक पोर हुती. तापाच्या साथीत तिचे आईबाप दोघं गेले. भावकीत कुणी ठेवून घेतली न्हाई. ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. मग मिरजगावच्या बाजूचा मामा आला, पोरीला गाडीत घातलं आन् घेऊन गेला. जाताना म्हणला म्हणं, हिचं लगीन मी लावीन, तुमी अक्षता टाकायला बी येऊ नका. आजी हे सांगायची आन् पदरानं डोळं पुसायची. परत कुणी चौकशी केली न्हाई."

"आरं मग हे चोपन्न वर्षं का न्हाई बोललास?"

"तुमी इचारलं कवा? तुमी आले की वाघ मारायला निघालो का, एवढंच इचारायचे."

"आन् तुझ्या बहिणीला ठावं हुतं हे?"

"न्हाई. तिला कोण सांगणार? ती लगीन होऊन गेली तवा मी बारका हुतो. मला आजीनं मागनं सांगितलं. आन् ती पोर तुमच्याच घरात म्हातारी झाली, हे आमाला तरी कुठं ठावं हुतं?"

हे मला पटलं, कारण बायकोला माहीत असतं तर तिनं ते माझ्या डोक्यावर दररोज आपटलं असतं. तिच्याकडं फक्त वेणी घालतानाचं ते वाक्य होतं. आणि मेहुण्याकडं दुसरं टोक होतं. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही, तरी दोन्ही टोकं जुळली. माझ्या काट्याला एवढं पुरे होतं. कोर्टात टिकेल का माहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला मेहुण्याच्या ओट्यावर बसल्या बसल्या कळली. आजी सगळं आयुष्य बापाच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहिली आणि एकदाही तिकडं गेली नाही. ते आडनाव तिनं कुणाला, स्वतःच्या लेकीला पण सांगितलं नाही. मग त्याच भावकीतली बिनआईची पोर तिच्या नातवाची बायको होऊन दारात आली. त्या पोरीला तेवढं सांगितलं. बाकीच्यांवरचा राग या पोरीवर काढला नाही. माझी आजी असं करू शकत होती, हे मला शहात्तराव्या वर्षी कळलं.

मेहुणा म्हणाला, "दाजी, आता जेवूनच जा. तुमी आता दोन्हीकडून पाव्हणे." त्याच्या बायकोनं शेंगोळी केली होती. मी तीन वेळा वाढून घेतली.

जाताना पुतण्यानं मोटारसायकलनं सोडलं होतं, येताना तो नव्हता म्हणून एसटीनं आलो. खिडकीशी बसून मी हसत होतो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, काय झालं? लॉटरी लागली का?"

"न्हाई. हरलो."

"निवडणूक?"

"बायकोशी."

"मग त्यात नवीन काय?" म्हणाला आणि तिकीट फाडून दिलं. मागच्या बाकावरची म्हातारी एवढी हसली की तिचा चष्मा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरवटाकडं गेलो. आजीचा दगड त्यानं लिंबाखाली आडवा ठेवला होता. म्हटलं, "घाल. वाघमारे."

त्यानं वीतभर सुतळीनं मापं घेतली. "बाबा, दगड अरुंद हाय. 'वाघ' वरच्या ओळीत घेतो, 'मारे' खाली. ठसठशीत बसंल, लांबून वाचता येईल."

मी दगडाकडं बघितलं. वरच्या ओळीत नुसतं वाघ, खाली मारे. लांबून येणारा वाघच वाचणार. मोह झाला. खोटं सांगत नाही, चांगला मिनिटभर मोह झाला.

"न्हाई," मी म्हणालो. "एका ओळीत घाल. अक्षरं बारीक कर, दाटीवाटीनं बसव, पर तोडू नको."

"बारीक झालं तर कुणाला दिसायचं न्हाई."

"जवळ येऊन वाचतील."

तो कुरकुरला. मग टाकी घेतली. मी शेजारी दगडावर बसलो आणि चारही अक्षरं होईपर्यंत उठलो नाही. शेवटचा "रे" काठाला टेकला, मात्रा जरा कलली. तो म्हणाला, "बघा, सांगत हुतो." मी म्हटलं, असू दे. कपची उडाली होती ती फुंकून काढली आणि मोठ्यानं वाचलं, त्यानं ऐकावं म्हणून. मग त्याला पण वाचायला लावलं.